जुनी गाडी, लांबचा पल्ला : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सेकंड हँड गाड्यांबद्दल थोडंसं लिहिलं आणि त्यानंतर इतके प्रश्न आले की या वेळचं पान सगळं जुन्या टूरिंग गाड्यांनाच द्यायचं ठरवलं. जवळपास प्रत्येकाचा सूर एकच, नव्या गाडीत अडीच-तीन लाख घालायची तयारी नाही पण लांब फिरायची हौस आहे, मग जुनी कुठली घेऊ. सात प्रश्न निवडलेत, बाकीच्यांनाही यात आपलं उत्तर सापडेल असं बघितलंय.

प्रश्न : मी सांगलीचा, वय ४६. मी आणि बायको वर्षातून दोनदा कोकणात आणि एकदा गोवा नाहीतर हंपी असं फिरतो, आतापर्यंत १५० सीसीवर केलं. आता मोठी गाडी घ्यायची आहे, बजेट लाखाच्या आत. तीन बघून ठेवल्यात, २००८ ची करिझ्मा, २०१३ ची थंडरबर्ड ३५० आणि २०१३ चीच सीबीआर २५० आर. पुढेमागे लडाखला पण जायचंय. कुठली घेऊ?

उत्तर : तिन्ही चांगल्या गाड्या आहेत आणि तिन्हींवर मी बराच बसलोय. करिझ्मा तर २००७ पासून माझ्याकडेच आहे, त्यामुळे माझा ओढा थोडा तिकडे असणार हे आधीच सांगून ठेवतो. पण तुम्ही लिहिलंय "मी आणि बायको", आणि निम्मा निकाल तिथेच लागतो.

करिझ्मा हिरो होंडाने २००३ ला आणली, २२३ सीसी, १७ बीएचपी, वजन दीडशे किलो. आज १५५ सीसीच्या गाड्या पॉवरमध्ये तिच्या पुढे आहेत म्हणून नवीन पोरं कागदावरचे आकडे बघून नाक मुरडतात, पण ते इंजिन ८०-९० ला असं काही सुरात लागतं ना, की सकाळी सहाला घर सोडलेलं असतं आणि अकरा वाजता पण ती त्याच आवाजात चाललेली असते, ना कुठे थरथर ना कुठे ताण. टाकी १५ लिटरची, माझी हायवेला ३८-४० देते, म्हणजे एका टाकीत पाचशे किमी आरामात. एकट्या माणसाला मी आजही डोळे झाकून हीच सांगेन. पण मागच्या सीटवर तीनशे किमी झाले की मागचा माणूस सारखा पाय मोकळे करायला थांबायचं म्हणतो, आणि दोघांचं सामान लावलं की घाटात थर्ड-सेकंड-थर्ड करत बसावं लागतं.

सीबीआर २५० आर आपल्याकडे २०११ ला आली, लिक्विड कूल्ड, २५ बीएचपी, तिघींमध्ये सगळ्यात तयार गाडी हीच. शंभरला इंजिन निवांत असतं, ट्यूबलेस टायर आहेत, आणि तुमची एबीएसवाली असेल तर पावसाळ्यात फार मोठा आधार. अडचण दोन ठिकाणी आहे. टाकी १३ लिटरचीच, आणि गाडी २०२० पासून बंद झाल्यामुळे फेअरिंग (बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण), रेडिएटर, सेन्सर असले पार्ट ऑर्डर देऊन मागवावे लागतात. सांगलीत असताना आठ दिवस थांबलात तर काही बिघडत नाही, पण राजापूरला उभे असताना आठ दिवस म्हणजे सगळी सुट्टी गेली.

आता थंडरबर्ड. २०१२ च्या मॉडेलपासून तिला २० लिटरची टाकी आली. ३४६ सीसी, पॉवर २० च्या आसपासच पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, २८ एनएम आणि तो कमी आरपीएमलाच मिळतो, म्हणून आंबोली घाट दोघं बसून आणि दोन बॅगा लावून सुद्धा फार गिअर न पाडता चढते. वजन १९२ किलो, हे पार्किंगमध्ये जाणवतं. ९० च्या वर गेलात की हँडलला आणि फूटरेस्टला व्हायब्रेशन सुरू होतं, त्यामुळे ज्याला शंभरने पळायचंय त्याने हिच्या वाटेला जाऊ नये. स्पोकची चाकं आणि ट्यूबचे टायर, म्हणजे पंक्चर काढायला टायर खोलून ट्यूब बाहेर काढावीच लागणार. पण हेच इंजिन क्लासिक ३५० मध्ये २०२१ पर्यंत होतं, लाखोंनी खपलंय, त्यामुळे तालुक्याच्या गावाला सुद्धा क्लच प्लेट, केबल, ऑइल फिल्टर मिळतो आणि ते बसवायला ज्याचा हात बसलाय असा मेकॅनिक पण मिळतो. जुनी गाडी निवडताना मी आधी हेच बघतो, रस्त्यात उभं करणारा पार्ट कुठला आणि तो जवळच्या बाजारपेठेत मिळतो का, रंग आणि आवाज त्यानंतर.

लडाखचं पण सांगतो. मनालीहून लेहला जाताना टांडीच्या पंपावर वर्षानुवर्षं एक पाटी होती, पुढचा पंप ३६५ किमी. आता हिशोब करा. घाटात, दोघं बसून, सामानासकट सीबीआरने २७ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर १३ लिटरमध्ये ३५१, म्हणजे कॅन बांधून न्यायलाच हवा. थंडरबर्डने ३० दिलं तरी सहाशे किमी जाते. थंडरबर्डसारखी कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) गाडी वर दम टाकते हे खरंय, पाच हजार मीटरच्या वर हवा जवळपास निम्मीच उरते आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, सीबीआरचं फ्युएल इंजेक्शन मिक्श्चर सावरून घेतं पण हवा काही वाढवू शकत नाही, तिथे सगळ्याच गाड्या धापा टाकतात.

थंडरबर्ड घ्या. फक्त वहिनींना आधी मागे बसवून पन्नास-साठ किमी फिरवून आणा आणि मग व्यवहार करा, त्यांना बॅकरेस्ट आवडली नाही तर बाकी सगळं वाया.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितोय. गाडी बघायला एकटाच जाणार, सोबत मेकॅनिक नाही. नक्की काय बघायचं?

उत्तर : मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्या दिवाळीत मित्रासाठी कराडजवळ एक गाडी बघायला गेलो होतो, हे सांगूनच गेलो होतो. गाडी धुऊन पुसून अंगणात उभी, मीटरवर २२ हजार किमी, एकदम देखणी. इंजिनावर तळहात ठेवला तर कोमट. म्हणजे सकाळी कोणीतरी किक मारून मारून गरम करून ठेवलेली. थंड इंजिन चालू व्हायला किती वेळ घेतं, पहिल्या मिनिटात टॅपेट आणि टायमिंग चेनचा आवाज कसा येतो, धूर येतो का, हे सगळं कळायची एकच वेळ असते आणि ती त्यांनी आमच्या हातातून काढून घेतली होती. मग मी खाली बसून फूटरेस्ट बघितले. डाव्या फूटरेस्टचं रबर पार गुळगुळीत, वरच्या रेघा गायब. ब्रेक पेडलची कड घासून लोखंड चकाकत होतं, गिअर लिव्हरचं रबर फाटून वर ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. २२ हजारात असं होत नाही हो, हे सत्तर-ऐंशी हजाराचं अंग आहे. जुन्या गाड्यांमध्ये मीटर केबलवर चालतो, केबल काढून ठेवली की किमीचे आकडे तिथेच थांबतात, पाय मात्र रोज घासतच राहतात. आम्ही चहा घेतला आणि परत आलो. गाडी वाईट होती असं नाही, ८० हजार चाललेली म्हणून सांगितली असती तर कदाचित घेतलीही असती.

तर आधी झीज बघा, मीटर नंतर. मग टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो तो शोधा, ०८१४ असेल तर टायर २०१४ च्या आठव्या आठवड्यातला. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांच्या वरचा टायर लांबच्या प्रवासाला नको, रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही, किमतीतून दोन टायरचे पैसे कमी करून मागा. टाकीचं झाकण उघडून मोबाइलचा टॉर्च मारा, आत लालसर गंज दिसला तर कार्बोरेटर कायम चोक होत राहणार. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक वर उचलायला कोणाला तरी सांगा आणि हँडल अगदी सावकाश इकडून तिकडे फिरवा, मध्ये आल्यावर खट्टकन अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलाय. मागचं चाक दोन हातांनी धरून आडवं हलवा, खटखटलं तर बुश किंवा बेअरिंगचं काम निघणार. ही कामं फार महाग नसतात, पण आधी कळली तर भाव करता येतो.

तीन-चारशेचा मल्टिमीटर मिळतो तो खिशात ठेवा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, चालू करून थोडी रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा. १३ च्या खालीच राहिली तर चार्जिंगचा प्रॉब्लेम आहे, १५ च्या वर गेली तर रेग्युलेटर, आणि रात्री घाटात लाइट जायची कारणं बहुतेक वेळा हीच असतात.

धुराचं एवढंच लक्षात ठेवा, थ्रॉटल सोडून उतार उतरल्यावर परत रेस देताना एकदाच निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील, सतत निळा येत असेल तर रिंग-पिस्टन. पहिलं परवडतं, दुसऱ्यात अर्धं इंजिन उघडतं.

प्रश्न : अमरावती. वडिलांची येझदी रोडकिंग आहे, त्यांच्या पश्चात सहा-सात वर्षं उभी होती, आता चालू करून घेतली. तिच्यावर चिखलदरा आणि पुढे पचमढी करायची इच्छा आहे. लोक म्हणतात आताच्या पेट्रोलवर ती टिकणार नाही. खरं आहे का?

उत्तर : वडिलांची गाडी तुम्ही चालू करून घेतलीत हे वाचूनच बरं वाटलं. टिकेल, पण तिला सांभाळून घ्यावं लागेल.

आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी उभी राहिली की टाकीत गंज धरतो, आणि जुनं रबर त्यात फुगतं नाहीतर कडक होऊन तडकतं. तेव्हा पेट्रोलची नळी, कॉकचे वॉशर, कार्बोरेटरचे ओ-रिंग सगळे नवीन घाला, फार खर्च नाही. गाडी आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते. महिनोन्‌महिने टाकी भरून ठेवू नका.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. इथेनॉलमुळे मिक्श्चर लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), आणि येझदीसारख्या टू-स्ट्रोकला लीन म्हणजे जास्त गरम, आणि जास्त गरम म्हणजे पिस्टन जाम. पंधरा-वीस किमी एका स्पीडने चालवा, मग इंजिन बंद करून प्लग काढून बघा. दुधाच्या चहासारखा रंग असेल तर छान, पांढराफटक असेल तर कार्बोरेटरचा मेन जेट (ज्यातून पेट्रोल जातं ते भोक) एक नंबर मोठा घाला. टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलात मिसळायचं) जुने लोक लिटरला ३० ते ४० मिली घालतात, तुम्ही ४० च्या बाजूला राहा, धूर थोडा जास्त आला तरी चालेल.

आणि परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढताना नाही, उतरताना जपा. हे कोणी सांगत नाही. तुमच्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जातं, म्हणजे उतारावर थ्रॉटल पूर्ण बंद करून गिअरवर गाडी सोडली की इंजिन फिरतंय जोरात पण आत पेट्रोल अगदी नावाला जातं आणि ऑइलही तेवढंच. दर थोड्या वेळाने क्लच दाबून एक बारीकशी रेस देत चला. आमच्याकडे जुने येझदीवाले घाटात असेच "झँग झँग" करत उतरायचे, लहानपणी वाटायचं हे शायनिंग मारतायत, कारण नंतर कळलं.

म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, तरी येझदीवाल्यांचा गोतावळा अजून जिवंत आहे आणि नवीन बनवलेले पार्ट मिळतात. सोबत पॉइंट, कंडेन्सर (हे ठिणगी पाडणारे भाग), दोन प्लग, क्लच केबल एवढं ठेवा. हो आणि किकचा आणि गिअरचा लिव्हर एकच असल्यामुळे त्याचे दात आधी तपासून घ्या, ते झिजलेत आणि गाडी पचमढीच्या चढावर बंद पडली तर धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. आधी चिखलदरा दोनदा करा. पचमढी त्यानंतर.

प्रश्न : नाशिकहून लिहितेय, वय ३४, उंची ५ फूट १ इंच. सहा वर्षं १५० सीसीची गाडी चालवते. आता एकटीने आठ-दहा दिवसांच्या टूर करायच्यात. जुनी अ‍ॅव्हेंजर २२० घ्यावी की जुनी हिमालयन ४११? ग्रुपमधले सगळे हिमालयनच म्हणतात.

उत्तर : ताई, ग्रुपमधले सगळे पाच फूट आठ इंचाचे असणार. हिमालयन टूरिंगला फारच चांगली गाडी आहे, त्यात वाद नाही, १५ लिटर टाकी, २१ इंची पुढचं चाक, खराब रस्त्यावर उभं राहून चालवता येते. पण सीट ८० सेंटीमीटर उंच आणि वजन १८० किलोच्या वर, सामान लावलं की सव्वादोनशे. चालू असताना काहीच वाटत नाही, वाटतं ते ढाब्याच्या खडीवर वळवताना आणि फेरी बोटीवर चढवताना. दिघीच्या जेटीवर ओल्या उतारावर उभं राहून रांगेत पुढे सरकायचं असतं तेव्हा दोन्ही चवडे टेकतायत का फक्त एका पायाची बोटं, याने फार फरक पडतो.

अ‍ॅव्हेंजरची सीट ७१ ते ७३ सेंटीमीटरच्या आसपास, वजन दीडशेच्या थोडं वर, ऑइल कूल्ड इंजिन १९ बीएचपीचं, हायवेला ८५-९० ला मस्त चालते. बजाज असल्यामुळे पार्टची चिंता महाराष्ट्रात तरी नाही. पण तिची एक खोड आहे ती समजून घ्या. पाय पुढे असतात, म्हणजे खड्डा आला की तुम्हाला फूटरेस्टवर जोर देऊन बूड उचलता येत नाही, सगळा दणका माकडहाडावर. सुरुवातीचे दोन तास ती सोफ्यासारखी वाटते आणि तिसऱ्या दिवशी कंबर बोलायला लागते. म्हणून दर ८०-९० किमीला थांबायचंच, आणि नाशकात चांगला सीटवाला गाठून सीटचा फोम बदलून घ्या, मागून कमरेला टेकू येईल असा. छोटी विंडशील्ड लावली तर छातीवरचा वारा कमी होतो, हात पण कमी दुखतात.

एक परीक्षा करा. दोन्ही गाड्या भाड्याने मिळतात, एकेक दिवस घ्या. थोड्या उताराला नाक करून लावा, इंजिन बंद, न्यूट्रलमध्ये, आणि बसल्या बसल्या पायांनी मागे ढकलून बघा. जी ढकलता आली ती तुमची. माझ्या अंदाजाने अ‍ॅव्हेंजर. पण तुम्हाला स्पितीसारखे कच्चे रस्तेच जास्त करायचे असतील तर मात्र हिमालयन बघा आणि सीट एक इंच उतरवून घ्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, मूळचा पुण्याचा, वय ५२. इथे जुन्या मोठ्या टूरिंग गाड्या बऱ्याच स्वस्तात मिळतात. १९९८ ची गोल्ड विंग जीएल १५०० आणि १९९९ ची होंडा एसटी ११०० यात अडकलोय. बायकोबरोबर ब्लू रिज पार्कवे हा इथला डोंगरातला रस्ता करायचाय.

उत्तर : हा प्रश्न मुद्दाम घेतला, कारण गाड्या वेगळ्या असल्या तरी बघायची नजर तीच लागते. एसटी ११०० ला युरोपात पॅन युरोपियन म्हणतात, मेव्हण्याची होती ती वेल्समध्ये दोन दिवस चालवलीये, आणि सांगतो, १०८४ सीसीचं व्ही-फोर इंजिन, शाफ्ट ड्राइव्ह, २८ लिटरची टाकी, त्या गाडीवर बसून कुठे जायचं हा प्रश्नच पडत नाही, फक्त कधी थांबायचं हा पडतो. चेन नाही, म्हणजे चेनला ऑइल, चेन टाइट, हे काहीच नाही. १९९६ पासून तिला ४० अँपिअरचा अल्टरनेटर (गाडीची वीज बनवणारा) आला, आधीचा २८ चा होता, त्यामुळे तुमची १९९९ ची आहे हे बरंच झालं, गरम हातमोजे वगैरे लावता येतील.

जीएल १५०० म्हणजे १५२० सीसी, सहा सिलिंडर, रिव्हर्स गिअर, वजन ३७० किलोच्या आसपास. मागच्या माणसासाठी हिच्याइतकी आरामशीर जुनी गाडी शोधून सापडणार नाही, हात टेकवायला पण जागा. रिव्हर्स चैनीसाठी दिलेला नाही, एवढं धूड पायाने मागे ढकलता येत नाही म्हणून दिलाय, यावरून काय ते समजा.

दोन्हींना टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करणारा पट्टा) आहे आणि तो रबराचा आहे, म्हणजे गाडी किती चालली याच्याइतकंच किती वर्षं झाली हेही मोजायचं. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपलं. बदलल्याची पावती असेल तर ठीक, नसेल तर पहिल्याच आठवड्यात बदला, बोलाचालीवर विश्वास नको. एसटीला चार कार्बोरेटर, विंगला दोन, दोन-तीन वर्षं उभी राहिलेली असेल तर ते साफ करायचा खर्च धरा. एसटीत कार्बोरेटरच्या खाली कूलंटचे होज आहेत, तिथपर्यंत पोचायला फार उघडावं लागतं, म्हणून एकदा कार्बोरेटर काढलेच तर तेही त्याच वेळी बदलून टाका. मागचा टायर बदलताना शाफ्टच्या स्प्लाइनला (दातांच्या जोडाला) ग्रीस लावलंय का ते विचारा.

वहिनी दर वेळी येणार असतील तर विंग. वर्षातून एक-दोन ट्रिपलाच येणार आणि एरवी तुम्ही एकटे असाल तर एसटी, माझं मन तिकडे आहे. पार्कवे ७५५ किमीचा, स्पीड लिमिट ताशी ४५ मैल आणि वळणंच वळणं, तिथे हलकी गाडी जास्त सुख देते.

प्रश्न : पंढरपूर. २००९ ची गाडी मिळतेय, स्वस्त आहे, पण पंधरा वर्षांचं पासिंग संपलंय. मालक म्हणतो तुमच्या नावावर झाल्यावर करून घ्या. घेऊ का?

उत्तर : असं घेऊ नका. पासिंग संपलेलं असताना गाडी तुमच्या नावावर करायला अडचण येणार आणि मध्ये काही अपघात झाला तर इन्शुरन्सवाले हात वर करू शकतात. मालकाकडूनच आधी रिन्यू करून घ्या, फॉर्म २५, आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षं वाढवून मिळतात. त्याला खटपट नको असेल तर खर्च किमतीतून कमी करा, पण काम त्याच्या नावावर असतानाच झालं पाहिजे. जुन्या गाडीला आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट पण लागते. त्यानंतर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, कर्ज होतं का बघा, असेल तर ती नोंद काढायला फॉर्म ३५, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. ई-चलन बाकी आहे का ते ऑनलाइन दिसतं. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यायचा, हे बरेच जण विसरतात. आणि चेसिस नंबर स्वतः वाचा, हँडलच्या मानेजवळ असतो, कापडाने पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा.

प्रश्न : रत्नागिरी. टूरला निघताना जुन्या गाडीबरोबर कोणते पार्ट ठेवावेत? फार ओझं नको.

उत्तर : क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, एक प्लग, दोन-तीन फ्यूज, हेडलाइटचा बल्ब, चेनचं लॉक, ट्यूबवाली असेल तर एक ट्यूब आणि टायर लिव्हर, इन्सुलेशन टेप, थोडी बाइंडिंग वायर, एम-सील. सगळं मिळून दोन किलोच्या आत बसतं. फक्त जे ठेवलंय ते एकदा तरी घरी स्वतःच्या हाताने बदलून बघा.

क्लच केबलची मात्र वेगळी सोय करा. काही वर्षांपूर्वी फोंडा घाटात संध्याकाळी साडेसहाला माझी केबल तुटली, पाऊस भुरभुर चालू. केबल आधीच लिव्हरपाशी उसवलेली होती, मी बदलायची पुढे ढकलत आलो होतो. जादा केबल बॅगेत होती पण ती घालायची म्हणजे टाकी ढिली करा, जुनी ओढून काढा, नवी त्याच वाटेने घाला, अंधारात पाऊण तास गेला आणि घाटातल्या गाड्या अंगाला चाटून जात होत्या. तेव्हापासून मी नवीन केबल जुनीच्या बरोबरीने तिच्याच वाटेने घालून ठेवतो, दोन ठिकाणी टेप लावतो आणि दोन्ही टोकांना ग्रीस लावून प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. तुटली की खालचं टोक इंजिनाला, वरचं लिव्हरला, दहा मिनिटांत गाडी चालू. तुमच्याकडे कशेडी आहे, भोस्ते आहे, आंबा घाट आहे, या पावसाळ्याच्या आत करून टाका.